चिमूटभर वेळशेत

देहमापन कक्षाच्या भिंती एका बुडालेल्या जहाजाच्या पोलादापासून बनवल्या होत्या. जगातला पहिला अणुस्फोट होण्याआधीच ते जहाज समुद्राच्या तळाशी गेले होते, त्यामुळे नंतर हवेत पसरलेले किरणोत्सारी कण त्या पोलादात मिसळले नव्हते. अशा पेटीत माणसाला बारा मिनिटे झोपवले, की त्याच्या शरीरातून बाहेर पडणारे किरण मोजता येत. माणूस मात्र त्या बारा मिनिटांत कंटाळतो, घामाघूम होतो किंवा चक्क घोरू लागतो.

सुगंधा बाईत त्या पेटीत झोपायला लग्नाला निघाल्यासारख्या नटून आल्या होत्या. जांभळे इरकल नेसून, केसात अबोलीचा वळेसर माळून.

"आये, पाटल्या काढ. आणि केसातले आकडेपण," डॉ. प्रणिता बाईत म्हणाली. ती या प्रयोगशाळेची प्रमुख होती आणि सुगंधाबाईंची एकुलती एक मुलगीही.

"फुलं ऱ्हाऊंदे ना, बाय. गावाला जायाच्या कागदावर फोटो लावतील."

"या कागदावर फोटो नसतो. नुसता आकडा असतो."

"मंग आकडा चांगला येऊंदे," असे म्हणून सुगंधाबाई आडव्या झाल्या.

वेळशेतच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला, त्याला एकतीस वर्षे होऊन गेली होती. खाडीकाठचे ते गाव एका दिवसात रिकामे केले गेले आणि माणसांना घाटमाथ्यावरच्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, पत्र्याच्या घरांत आणून ठेवले. त्या वस्तीला सरकारने 'नवे वेळशेत' असे नाव दिले. लोक तिला नुसते 'वर' म्हणत. गाव म्हटले की ते खालचेच.

आता ते खालचे गाव पुन्हा उघडायचे की नाही, हे ठरायचे होते. त्यासाठी सरकारने 'परतदाखला' काढला होता आणि त्याच्या दोन अटी होत्या. एक, गावाची जमीन राहण्याइतकी स्वच्छ असली पाहिजे. दोन, परतणाऱ्या प्रत्येकाचे देहमापन झाले पाहिजे, म्हणजे पुढे कधी आकडा वाढला तर तो कळेल. दुसरी अट निव्वळ उपचार आहे, असे सगळेच धरून चालले होते. एकतीस वर्षे गावापासून दूर राहिलेल्या माणसांच्या अंगात असणार काय?

बारा मिनिटे झाली. पडद्यावर दोन शिखरे उमटली. उजवीकडचे शिखर प्रणिताच्या ओळखीचे होते. अन्नातल्या नैसर्गिक पोटॅशियममुळे ते प्रत्येक माणसाचे उमटते. डावीकडचे शिखर सिझियमचे होते. तिथे काहीच नसायला हवे होते आणि ते पोटॅशियमच्या शिखराहून उंच होते.

"कसा आला आकडा?" पाटल्या चढवत सुगंधाबाईंनी विचारले.

"अजून हिशेब करायचाय," प्रणिता म्हणाली आणि तिने पडदा बंद केला.

*

आठवडाभरात वस्तीतल्या दोनशे बारा माणसांचे देहमापन झाले. एकशे अठ्ठावन्न जणांचा आकडा मर्यादेच्या वर गेला. प्रणिताने ते कागद डॉ. अच्युत ओगल्यांपुढे ठेवले. अपघाताच्या वेळी वेळशेत रिकामे करणाऱ्या तुकडीत ओगले तरुण शास्त्रज्ञ होते. आता निवृत्त झाले होते, पण परतदाखल्याच्या कामासाठी त्यांना सल्लागार म्हणून पुन्हा बोलावले होते.

"यंत्र बिघडलं असेल," ते म्हणाले.

"नाही सर. मी स्वतः त्यात झोपून पाहिलं. माझाही आकडा थोडा वाढलाय, पण मी सर्वेक्षणासाठी खाली जाते. त्यामुळे असेल."

ओगल्यांची एक जुनी सवय होती. पेचात सापडले की ते पहिल्या इयत्तेपासून सुरुवात करत. एका पाठकोऱ्या कागदावर त्यांनी दोन उतरत्या रेघा काढल्या, एक हळू उतरणारी आणि दुसरी कड्यावरून पडल्यासारखी.

"जमिनीतलं सिझियम निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. ही त्याची अर्धायु. पण शरीर सिझियमला पोटॅशियम समजतं. तसंच आत घेतं आणि तसंच बाहेर टाकतं. शरीरातलं सिझियम तीन-साडेतीन महिन्यांत निम्मं होतं. मग एकतीस वर्षांपूर्वी तुझ्या आईच्या पोटात जे गेलं होतं, त्यातलं आज किती उरलं असेल?"

"काहीच नाही."

"मग हे कुठलं?"

"या वर्षी खाल्लेलं," प्रणिता म्हणाली.

ओगल्यांनी पेन्सिल खाली ठेवली. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती. गाव वर्जित क्षेत्र होते. वर्षातून एकदा, शिमग्याला, सहा तासांची परवानगी मिळे. एरवी जो कोणी चोरून आत शिरला, तिथले फळ, मासे, भाजी खाताना सापडला, त्याचा परतीचा हक्क कायमचा जात असे. नियम असा कडक करण्यामागे ओगल्यांचाच हात होता.

"एकशे अठ्ठावन्न माणसं," ओगले म्हणाले. "बघ, मला कोणाचं वाईट करायचं नाही. पण हे लिहावं लागेल."

"मला चार दिवस द्या," प्रणिता म्हणाली.

*

सुगंधाबाईंच्या घरामागे परसू होते. आठ वाफे आणि त्यावर वालाचा मांडव. सड्यावर जिथे नुसता कातळ होता, तिथे प्रणिताच्या वडिलांनी, दत्ताराम बाईतांनी, दुरून पाटीपाटीने माती आणून हे वाफे उभे केले होते. त्याच मांडवाखाली बसून प्रणिता बाराखडी शिकली, पाढे शिकली, पुढे बारावीचा अभ्यासही तिने तिथेच केला. ती वरच जन्मली होती. लहानपणापासून सगळे तिला सांगत आले, की हे आपले गाव नव्हे, आपले गाव खाली आहे. ती मान डोलवी. आपल्याला घर म्हटले की हा मांडव आठवतो, हे तिने कधी कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर सगळ्यांना वाईट वाटले असते.

"आये, खरं सांग. तू शिमग्याशिवाय खाली गेली होतीस?"

सुगंधाबाई वाल सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"कोन म्हनालं?"

"कोणी नाही म्हणालं. तुझ्या अंगात आहे ते. खाल्ल्याशिवाय येत नाही. फणस आणलास? खाडीतली कालवं?"

"माजं पाऊल तितं पडलेलं नाय. शिमग्याचे सा घंटे सोडून एक मिनिट नाय. आनि तवाबी घरनं नेलेली भाकर खाल्ली, पानी घरचं प्यालं. तुज्या सायबांनी सांगितलं तसं."

"मशीन खोटं बोलत नाही, आये."

"आनि आई बोलते," सुगंधाबाई म्हणाल्या. त्यांनी सोललेले वाल परातीत ओतले आणि आत निघून गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी मुलीला हाक मारली ती जेवायला. वालाची उसळ, भाकरी आणि मुळ्याचा पाला. दोघी जेवायला बसल्या. आईवर अविश्वास दाखवून तिच्याच हातचे जेवायला प्रणिताला लाज वाटत होती, पण ती दुसऱ्यांदा उसळ वाढून घ्यायला मात्र विसरली नाही.

*

दुसऱ्या दिवशी ती ओगल्यांना घेऊन खाली गेली. जमिनीची अट तपासायचे काम उरले होते. 'टेहळ्या' नावाची छोटी उडती याने महिनाभर गावावरून फिरवून त्यांनी किरणनकाशा तयार केला होता. स्वच्छ जागा हिरवी, दूषित जागा लाल. एकूण गाव अपेक्षेपेक्षा बरेच हिरवे होते. अर्धे सिझियम काळाने खाल्ले होते, उरलेल्यातले बरेच एकतीस पावसाळ्यांनी खोल मुरवले होते किंवा खाडीत वाहून नेले होते. पण हिरव्यात मध्येमध्ये लाल चौकोन होते. अगदी कुंपणाच्या रेषेत कापल्यासारखे.

बाईतांचे अंगण हिरवे होते. दगडी गडग्यापलीकडचे खापऱ्यांचे लाल.

"पावसानं धुतलं असणार," ओगले म्हणाले.

"पाऊस काय कोणाचं अंगण आहे ते विचारून पडतो?"

त्या वाक्यावर ओगले हसले. प्रणिता गडग्यावर चढली. खापऱ्यांच्या अंगणात फणसाचा आणि आंब्याचा पाचोळा गुडघाभर साचला होता. खापरे कुटुंब अपघातानंतर परदेशी गेले होते आणि एकदाही शिमग्याला आले नव्हते. बाईतांच्या अंगणात यंदाच्या शिमग्यानंतर गळालेली पाने तेवढी होती. तिने हातातल्या फळीवर दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, अंगणांची आणि माणसांची.

"सर, हे बघा. परदेशी गेलेले सोडले, तर ज्यांची अंगणं इथं लाल आहेत, त्यांची माणसं वर स्वच्छ आहेत. आणि ज्यांची अंगणं हिरवी, ते सगळे त्या एकशे अठ्ठावन्नांत. एकही अपवाद नाही."

ओगल्यांनी चष्मा पुसला आणि याद्या दोनदा वाचल्या.

"म्हणजे अंगणातलं माणसांत गेलं? कसं?"

प्रणिताला उत्तर ठाऊक होते. इतके ठाऊक होते की आजवर ते दिसले नव्हते. दर शिमग्याला वस्तीतले लोक परवानगी काढून इथे येत. सूर्यास्ताआधी बाहेर पडावे लागे म्हणून वेळशेतचा होम भर दुपारी पेटे. पण त्याआधी आलेले प्रत्येक घर आपापले अंगण झाडी. वर्षभराचा पाचोळा, मोडलेल्या फांद्या, सगळे एका ढिगात लोटून तिथेच जाळत. घर पडले तरी चालेल, पण शिमग्याला देवीची पालखी दारात आल्यावर अंगण घाण दिसता कामा नये. आणि मग ती राख...

"राख," ती म्हणाली. "आम्ही राख वर नेत होतो. पोत्यांनी."

*

परतीच्या वाटेवर गाडीत ओगल्यांनी पुन्हा पहिल्या इयत्तेपासून सुरुवात केली. पण या वेळी ते स्वतःलाच समजावत असावेत.

"आग रेणू तोडते. अणूला ती हात लावू शकत नाही. पानं जळाली, पाणी उडालं, कर्ब धुरात गेला. सिझियम मात्र बरंचसं खालीच बसलं. वीस किलो पाचोळ्याची एक किलो राख होते. म्हणजे सिझियम तेवढंच आणि वजन विसावा हिस्सा. इथल्या जांभ्या मातीत पोटॅशियम कमी, म्हणून झाडं भुकेल्यासारखं सिझियम ओढतात, पानात आणतात. तुम्ही ती पानं दर वर्षी उचललीत. गाव झाडून काढलंत."

"आणि वर नेऊन पसरलं," प्रणिता म्हणाली. "आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर पाला जाळतात. राब भाजणं म्हणतात त्याला. राख पडल्याशिवाय जमीन तयार झाली असं कोणाला वाटतच नाही. वर सड्यावर जाळायला पालाच नव्हता. म्हणून बाबा म्हणायचे, गावची राख घाला, गावची चव येईल."

"वरची मातीही जांभ्याचीच. सिझियम धरून ठेवणारी चिकणमाती तिच्यात नाही. सगळं भाजीत."

त्या संध्याकाळी प्रणिताने किरणमापक वालाच्या मांडवाखाली धरला. आकडा खालच्या अंगणातल्या आकड्याच्या चौपट होता. ती शांतपणे सगळ्या आठ वाफ्यांवरून फिरली. मागच्या दारात सुगंधाबाई उभ्या होत्या.

"आये, मी तुझ्यावर उगाच आळ घेतला," प्रणिता म्हणाली.

"आकडा काय म्हनतो?"

प्रणिताने सांगितले. सगळे सांगितले, राखेपासून उसळीपर्यंत. सुगंधाबाई पायरीवर बसल्या.

"मानसं मरतील काय यानं?"

"उद्या नाही मरत कोणी. इथलं खाणं थांबवलं की अंगातलं वर्षभरात जवळजवळ निघून जाईल. पण आणखी वीस वर्षं इथंच राहून हेच खाण्यात धोका आहे. जमिनीतलं जात नाही."

"मंग ऱ्हायाचं कुटं?"

प्रणिताला हसू आले आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आले. नियमांत दोनच तऱ्हा होत्या, राहण्याजोगी जागा आणि वर्जित क्षेत्र. वाफ्यांवरून फिरतानाच तिने दोन्ही जागांचे आकडे नियमासमोर धरून पाहिले होते. खापऱ्यांसारख्यांची नऊ अंगणे सोडली, तर वेळशेत राहण्याजोगे होते. नवे वेळशेत नव्हते.

"गावाला, आये. तुझ्या गावाला."

*

अहवालावर सही करायला ओगले आले तेव्हा त्यांच्या हातात पहिल्या वर्षीचा परवाना होता. कागद पिवळा पडला होता. वर्जित क्षेत्रातून काय बाहेर नेऊ नये त्याची यादी त्यावर होती. माती, पाणी, फळे, मासे, लाकूड, पाला, जनावरे. त्याखाली शाईने एक ओळ वाढवलेली होती. 'होमाचा अंगारा नेण्यास हरकत नाही.'

"हे अक्षर माझं आहे," ओगले म्हणाले. "तुझे वडील आले होते माझ्याकडे. म्हणाले, साहेब, सगळं सोडलं, कपाळाला लावायला चिमूटभर राख तरी नेऊ द्या. मी गणित केलं. खरंच केलं. चिमटीत धोका नव्हता. म्हटलं, चिमूटभर राखेनं काय होणार आहे? फक्त प्रमाण लिहायचं राहिलं. दुसऱ्या वर्षी पुडी झाली असेल, मग डबा. पोती कधी सुरू झाली ते मला माहीतही नाही. मापक वाजला तरी फाटकावर नुसतं 'अंगारा' लिहायचे आणि सोडायचे."

"तुम्ही माणुसकीनं केलंत, सर."

"म्हणून तर कोणी तपासलं नाही," ओगले म्हणाले. मग त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "नव्या वेळशेतातून काय बाहेर नेऊ नये त्याची यादी तू कर. मला आता तो हक्क नाही."

प्रणिताने यादी केली. पहिला शब्द लिहिला, 'राख'. दुसरा, 'माती'. भाज्या, बियाणे, वाळवणे, मांडवाचे बांबू. आणि शेवटी तिने एक ओळ लिहून तिच्याखाली दोनदा रेघ ओढली. 'चिमूटभरसुद्धा नाही.'

*

वेळशेतच्या फाटकावर किरणमापकाची चौकट एकतीस वर्षे उभी होती, बाहेर पडणाऱ्यांना तपासण्यासाठी. बाहेरून आणलेल्या अन्नावर वर्षभर काढल्यानंतर परतीचा दिवस आला, तेव्हा कामगारांनी ती उलटी फिरवून बसवली. आता तपासणी आत जाणाऱ्यांची होती.

माणसे सकाळपासून रांगेत होती. देवीची पालखी सगळ्यांत पुढे होती आणि यंदा तिलाही चौकटीतून नेले. कोणी तक्रार केली नाही. म्हातारी माणसे खाडीचा वास आला की बोलायची थांबत. एक आजोबा आत पाऊल टाकल्यावर तसेच खाली बसले आणि त्यांना कोणी उठवले नाही. सुगंधाबाईंनी पुन्हा तेच जांभळे इरकल नेसले होते. दोन पातळे आणि दत्तारामांचा फोटो एवढेच त्यांचे सामान होते. त्या चौकटीतून गेल्या. मापक गप्प राहिला.

त्यांच्यामागून प्रणिता गेली आणि मापक वाजला.

पहारेकरी गोंधळला. "मॅडम, तुमच्या पर्समधे काहीतरी आहे."

"नमुना आहे," प्रणिता म्हणाली. तिने काचेची छोटी कुपी काढून दाखवली. प्रयोगशाळेतली, बूच लावलेली. तळाशी थोडी तांबूस करडी माती होती.

"नमुना क्रमांक सांगा, लिहून घेतो."

कुपीवर क्रमांक नव्हता. प्रणिताने एखादा सांगायचा प्रयत्न केला, पण तिला तो सुचला नाही. आदल्या संध्याकाळी वस्तीभोवती कुंपण घालायला माणसे आली, तेव्हा ती शेवटची मांडवाखाली गेली होती. ज्या जागी बसून ती पाढे म्हणायची, तिथली माती तिने उचलली होती. उचलण्याआधी गणितही केले होते.

मागची रांग थांबली होती. फाटकाच्या आतून सुगंधाबाई परत वळल्या. त्यांनी कुपीकडे पाहिले, मग मुलीच्या चेहऱ्याकडे. त्यांना काही विचारावे लागले नाही.

"चिमूटभरच आहे, आये," प्रणिता म्हणाली. "मोजलीय मी. काही होत नाही एवढ्यानं."

"ठाव हाय मला. पयल्या वर्साला मीपन चिमूटच नेली व्हती." सुगंधाबाईंनी हात पुढे केला. "रडायचं तर रड, बाय. तुजं गाव व्हतं ते. आमी कुनी ते म्हटलंच नाय."

पहारेकऱ्याने शिशाच्या पिंपाचे झाकण उघडून धरले. प्रणिताने कुपी आईच्या हातात दिली नाही. बूच काढून तिने माती स्वतःच पिंपात ओतली, कुपी उलटी करून दोनदा आपटली आणि तीही आत टाकली. मग ती पुन्हा चौकटीतून गेली. मापक वाजला नाही.

"चल, घर दाखवते," सुगंधाबाई म्हणाल्या आणि तिचा हात धरून भराभर चालू लागल्या. या वयात त्या इतक्या भराभर चालू शकतात, हे प्रणिताला माहीत नव्हते. घाटमाथ्यावरचा सडा इथून दिसत नाही, हे मात्र तिला चांगलेच माहीत होते. तरी वळणावर तिने मान मागे करून वर पाहिले.